आपल्या मोहल्ल्यात विज्ञान महोत्सव: नागपुरात पहिल्यांदा कार्यक्रम लावणाऱ्यांसाठी

शहरभर चालणाऱ्या विज्ञान महोत्सवात आपल्या ले-आऊटचा, वाचनालयाचा किंवा महिला मंडळाचाही एक कार्यक्रम असावा असं वाटतंय, पण अर्ज कुठे करायचा, दाखवायचं काय आणि माणसं आणायची कुठून हे कळत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. मी वस्ती पातळीवर हे काम केलं आहे. मोठ्या सभागृहात व्याख्यान भरवणाऱ्यांना यातलं फारसं उपयोगी पडणार नाही.

आधी एक घोळ मिटवू. शाळांचं विज्ञान प्रदर्शन वेगळं आणि हा महोत्सव वेगळा. प्रदर्शनात परीक्षक असतात, नंबर असतात, पालकांनी रात्री जागून चिकटवलेली थर्माकोलची ज्वालामुखी असते. शहरव्यापी महोत्सवात एक छोटा समन्वय गट फक्त तारखा आणि वेळापत्रक सांभाळतो. बाकी सगळे कार्यक्रम ज्याचे त्याने आपापल्या जागी करायचे: कुणी उद्यानात, कुणी मंगल कार्यालयात, कुणी किराणा दुकानाच्या ओट्यावर. एडिनबरा शहरात १९८९ पासून असा महोत्सव भरतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पाठबळावर भारत आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव २०१५ पासून होतो, पण तो एका ठिकाणी भरणारा मोठा सोहळा आहे. आपल्याला हवा तो लहान, विखुरलेला आणि चालत जाता येईल असा. नागपुरात याला जवळचं उदाहरण पाहायचं असेल, तर महानगरपालिकेच्या शाळांतली मुलं जिथे साध्या साहित्यातून प्रयोग करून दाखवतात, तो अपूर्व विज्ञान मेळावा एकदा बघून या. मुलं किती कमी वस्तूंत किती बोलतात ते तिथे कळतं.

१. तारीख ठरवा, पण २८ फेब्रुवारीला डोळे झाकून हो म्हणू नका

सी. व्ही. रामन यांना रामन परिणामाचा, म्हणजे पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा रंग थोडा बदलतो याचा, शोध २८ फेब्रुवारी १९२८ ला लागला आणि १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. नागपूरकरांना त्या दिवसाचं थोडं जास्त अप्रूप असायला हरकत नाही. रामन अर्थखात्यात नोकरी करत होते तेव्हा त्यांची काही काळ नागपूरलाही बदली झाली होती. गांधीसागरासमोरचं विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं आहे, १९९२ मध्ये सुरू झालेलं.

तारीख छान आहे, अडचण परीक्षांची आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बारावीची बोर्डाची परीक्षा चालू असते आणि दहावीचीही तोंडावर असते किंवा सुरू झालेली असते. सीबीएसईचंही तेच. म्हणजे मोठी मुलं येणार नाहीत, शाळांच्या इमारती परीक्षा केंद्र म्हणून अडकलेल्या असतील आणि केंद्राच्या आसपास भोंगा लावायचा प्रश्नच नाही. २८ तारीखच हवी असेल तर कार्यक्रम लहान मुलं, गृहिणी आणि ज्येष्ठ यांना धरून आखा आणि शाळेची जागा मागू नका. नाहीतर जानेवारीचा शेवटचा आठवडा घ्या. हवा चांगली असते, संक्रांतीचे पतंग उतरलेले असतात.

डिसेंबर मोह पाडतो, कारण थंडी. पण तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. बर्डी, सिव्हिल लाईन्स, झिरो माईल हा सगळा पट्टा बंदोबस्तात आणि मोर्चांत अडकतो, आणि तुमच्या ठाण्यातले निम्मे पोलीस तिकडे लागलेले असतात. तुमचा अर्ज कोण बघणार? एप्रिल-मे तर विषयच नको.

लग्नाच्या तिथ्याही कॅलेंडरवर बघून घ्या. दाट मुहूर्ताच्या दिवशी बिछायत केंद्रवाला टेबलं देत नाही, दिली तर भाव दुप्पट सांगतो.

आकाशदर्शन ठेवणार असाल तर पौर्णिमा टाळा. लोकांना वाटतं की पूर्ण चंद्र म्हणजे सगळ्यात चांगला. दुर्बिणीतून तो नुसता पांढरा झगझगीत दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘अरे बापरे’ निघतं.

२. जागा शोधण्याआधी जागेचा मालक शोधा

नागपुरात इथेच बहुतेकांचे दिवस वाया जातात. समोरचं उद्यान महानगरपालिकेचं आहे, नागपूर सुधार प्रन्यासचं आहे, की सोसायटीच्या नावावरची मोकळी जागा आहे, हे तिथे रोज फिरायला येणाऱ्यांनाही नक्की माहीत नसतं. फाटकावरच्या पाटीवर विसंबू नका, पाटी जुनी असू शकते. माळ्याला विचारा की पगार कोण देतं. मग त्या कार्यालयात जा. मनपाची जागा असेल तर आधी आपला झोन कोणता ते बघा. शहरात दहा झोन आहेत आणि सतरंजीपुऱ्याचा अर्ज धरमपेठेत दिला तर तो कुणी पुढे पाठवेल अशी आशा धरू नका.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी उद्यान नकोच. समाजभवन, वाचनालय, व्यायामशाळा किंवा विहार-मंदिराच्या बाजूची शेड घ्या. तिथे सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि विजेचा पॉइंट आधीच असतो, आणि विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांशी एका चहावर बोलणं होतं. लोकांचं रोजचं येणं-जाणं असलेली जागा म्हणजे अर्धी प्रसिद्धी झाली.

जागा बघायला जाल तेव्हा व्हीलचेअर आत येते का हे स्वतः बघा. ‘दोनच पायऱ्या आहेत’ हे उत्तर ऐकू नका. दोन पायऱ्या असतील तर फळीचा उतार बसवा. आणि बसायला खुर्च्या ठेवा, नाहीतर आजी-आजोबा बाहेरूनच नमस्कार करून जातात.

३. एक प्रश्न निवडा

नवखे लोक इथे चुकतात आणि पुढचं सगळं त्यामुळे बिघडतं. वीस स्टॉल, वीस विषय, प्रत्येक टेबलावर एक पाठ केलेलं भाषण, आणि समोर माना डोलावून पुढे सरकणारे लोक. असं करू नका. एका जागेला एक प्रश्न पुरतो. तो असा हवा की आलेल्या माणसाला उत्तर स्वतःच्या हाताने काढता येईल, चार-पाच मिनिटांत आणि शक्यतो आपल्याच घरच्या वस्तूंनी. खाली चार प्रश्न देतो. चारही नागपूरच्या मातीत उगवलेले आहेत. कोणताही एक उचला.

संत्र्याच्या सालीने फुगा का फुटतो? सालीचा ताजा तुकडा फुगवलेल्या फुग्याजवळ धरून दुमडायचा. सालीतल्या तेलाचे बारीक थेंब उडतात आणि फुगा फटकन फुटतो. त्या तेलात लिमोनीन असतं आणि ते रबर विरघळवतं. ताणलेल्या रबराला तेवढी एक कमजोर जागा पुरते. सापळा हा की लोक रस लावतात आणि मग म्हणतात होत नाही. रसाचं काम नाही, सालीचंच. फुगे स्वस्तातले, पातळ, गोल आणि गच्च फुगवलेले हवेत. जाड आणि अर्धवट फुगवलेल्या फुग्याला तेल लागलं तरी तो ढिम्म राहतो. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असतातच, त्यामुळे साहित्याची चिंता नाही.

शेजारच्या टेबलावर पाण्याची बादली ठेवा. न सोललेलं संत्रं तरंगतं. सोललेलं काय करेल? आधी पैज लावायला सांगा, मग टाकू द्या. बहुतेक बुडतात, कारण सालीत अडकलेली हवा गेली. पण एखादं नाठाळ संत्रं सोलूनही तरंगतं, कारण आपल्या संत्र्याच्या मधोमध पोकळी असते. ते तरंगलं की खरी मजा सुरू होते. मुलं ते फोडून बघतात, पोकळीत पाणी भरतात, परत टाकतात. त्यांना थांबवू नका आणि ‘प्रयोग फसला’ असं तर अजिबात म्हणू नका.

आमच्या कंपाऊंडच्या भिंतीला भेगा का पडतात? हा प्रश्न मोठ्या माणसांना ओढून आणतो, कारण काळ्या मातीवरच्या प्रत्येक ले-आऊटमध्ये एक तरी भेगाळलेली भिंत असते. दोन सारख्या काचेच्या बरण्यांत कोरडी, कुटलेली काळी माती आणि मुरूम सारख्याच उंचीपर्यंत भरा, खूण करा, पाणी घाला. काळी माती फुगून खुणेच्या वर येते, मुरूम जवळपास तिथेच राहतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. पाया दरवर्षी वर-खाली होतो आणि भिंत तडकते. हे पाच मिनिटांत घडत नाही, म्हणून बरण्या टप्प्याटप्प्याने आधीच लावून ठेवा: एक तीन दिवसांपूर्वीची, एक कालची, एक आत्ताची. शेजारी उन्हात वाळवून भेगाळलेल्या मातीचं ताट ठेवा आणि भेगेची रुंदी मोजायला पट्टी द्या.

नागपूरच्या खाली कोणते दगड आहेत? दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, पूर्वेकडची कड आपल्या शहराजवळ संपते. पश्चिमेला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, कामठी-उमरेडकडे कोळसा, मनसरकडे मँगनीज. एका शहरातून तासाभराच्या अंतरावर एवढी विविधता थोड्या लोकांच्या नशिबी असते. चार-पाच नमुने, एक भिंग, एक चुंबक, एक वजनकाटा आणि पाण्याचं मोजपात्र द्या. सारख्या आकाराच्या दोन दगडांत मँगनीजचा किती जड लागतो हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. गोष्टीची आवड असणाऱ्यांना स्टीफन हिस्लॉप सांगा. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते हे मिशनरी एकोणिसाव्या शतकात टाकळीच्या खडकांत जीवाश्म गोळा करत होते.

दुपारी सावली किती लांब पडते? हा माझा आवडता, कारण तो शहरभर एकाच वेळी करता येतो आणि सगळ्या वस्त्यांना एका धाग्यात बांधतो. एक मीटरची काठी सपाट जागेवर उभी करायची आणि सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा मोजायची. आपली मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नागपूर ७९ अंशांच्या जवळ, म्हणून सूर्य इथे उशिरा डोक्यावर येतो. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या शेवटी ही वेळ १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास असते. २८ फेब्रुवारीला सावली साधारण ५५-५६ सेंटिमीटर भरते, २६ जानेवारीला ८३-८४. बाराला मोजून मोकळं होणारे नेहमीच भेटतात. सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर तीन मिनिटांनी खूण करत राहा, म्हणजे सगळ्यात आखूड सावली आपोआप सापडते आणि वेळ कुणी सांगावी लागत नाही.

याच्या पुढचं पाऊल हैदराबादच्या एखाद्या ओळखीच्या शाळेसोबत. ते शहर जवळजवळ आपल्याच रेखांशावर, सरळ दक्षिणेला आहे. २८ फेब्रुवारीला त्यांची सावली ४७-४८ सेंटिमीटर येते. दोन्हीकडचे कोन काढले की फरक पावणेचार अंशांच्या आसपास निघतो. दोन्ही शहरांतलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४१७ किलोमीटर. पावणेचार अंशांना ४१७, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतं, आणि तोच पृथ्वीचा परीघ. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, मोबाईलवर दिसणारं रस्त्याचं अंतर घेऊ नका. ते पाचशेच्या घरात आहे आणि परीघ अठ्ठेचाळीस हजार येतो. दुसरा, मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तरी परीघ दोन-अडीच हजार किलोमीटरने हलतो. म्हणून काठी सरळ उभी आहे हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासा, डोळ्याच्या अंदाजाने नाही. गवंडी काकांनाच बोलवलंत तर उत्तम. त्या दिवशी तेच सगळ्यात मोठे तज्ज्ञ असतात.

सावलीचा कार्यक्रम झिरो माईलच्या दगडाजवळ करण्याचा उत्साह खूप जणांना असतो. वाहतूक बघता लहान मुलांना घेऊन तिथे जाऊ नका. आणि फलकावर ‘भारताचा भौगोलिक केंद्रबिंदू’ असं लिहू नका. तो दगड इंग्रजांच्या काळातल्या सर्वेक्षणाचा आहे, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, आणि एवढंच सांगायला पुरेसं रंजक आहे. देशाचा मध्य तिथेच आहे, हे काही सिद्ध झालेलं नाही.

४. माणसं जमवा

नागपूर या बाबतीत श्रीमंत आहे. पाणी आणि हवेसाठी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, मातीसाठी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, दगडांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, कापसासाठी केंद्रीय कापूस संशोधन संस्था, संत्र्यासाठी लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था, शिवाय व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी कॉलेज आणि नागपूर विद्यापीठ. २०२३ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन याच विद्यापीठात भरलं होतं. पण संस्थेला ‘आपण मार्गदर्शन करावे ही विनंती’ असं मोघम पत्र पाठवलंत तर ते फायलीत जातं. पत्रात दिवस, वेळ, प्रश्न आणि नेमकं काय हवं ते लिहा: ‘दीड तास, एक टेबल, काळ्या मातीबद्दल लोकांच्या प्रश्नांना उत्तरं.’ पत्र संचालकांच्या नावे द्या आणि निदान महिनाभर आधी द्या. निवृत्त शास्त्रज्ञ मात्र लवकर हो म्हणतात. तुमच्याच ले-आऊटमध्ये एखादे सकाळी फिरताना रोज भेटत असतील.

व्याख्यान मात्र ठेवू नका. शास्त्रज्ञाला माईक दिला की चाळीस मिनिटं गेली. टेबलामागे खुर्ची द्या आणि लोकांना त्यांच्याकडे जाऊ द्या.

हाताने काम करणाऱ्या माणसांना तज्ज्ञ म्हणून बसवा, हे मी आग्रहाने सांगतो. दुचाकीचं इंजिन उघडून दाखवणारे मेकॅनिक भाऊ, दागिना हवेत आणि पाण्यात तोलून दाखवणारे इतवारीचे सराफ, पापडखार पिठात घातला की काय होतं हे सांगणाऱ्या आजी. ‘मी काय विज्ञान सांगणार बाई’ असं त्या पहिल्यांदा म्हणतातच. हळदीच्या पाण्यात पापडखार टाकून ते लाल होताना दाखवायला सांगा. मग त्यांना आवरावं लागतं.

स्वयंसेवक कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून मिळतात, त्यांना प्रमाणपत्र लागतं, ते तयार ठेवा. प्रशिक्षणात एकच गोष्ट घोटून घ्या: उत्तर आधी सांगायचं नाही. ‘काका, तुम्हाला काय वाटतं, बुडेल का?’ हे विचारायचं आणि थांबायचं. शांत थांबणं हे तरुण पोरांना सगळ्यात अवघड जातं. आणि उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, आपण शोधू’ असं म्हणायची मोकळीक त्यांना द्या, नाहीतर ती थापा मारतात.

भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही ठेवा. शहर दोन्हीत बोलतं. मोमीनपुऱ्यासारख्या भागात उर्दू वाचणारा एक जण सोबत असू द्या.

५. परवानग्या आणि कागदपत्रं

घरगुती स्वरूपाचा, सभागृहाच्या आतला, भोंगा नसलेला कार्यक्रम असेल तर जागामालकाचं पत्र बहुधा पुरतं. उघड्यावर असेल तर खालचं सगळं एका फाईलमध्ये, दोन-दोन प्रतींत ठेवा:

• संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज: तारीख, वेळ सुरू-संपण्याची, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तीचा फोन
• संस्था नोंदणीकृत असेल तर नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. नसेल तर नोंदणीकृत वाचनालय किंवा शाळेला सहआयोजक करा
• अर्जदाराच्या आधार कार्डाची प्रत
• जागामालकाचं ना-हरकत पत्र
• हाताने काढलेला नकाशा: टेबलं, येण्या-जाण्याचा रस्ता, विजेचा पॉइंट, पाणी, वाहनतळ
• ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी
• भाडं आणि अनामत रकमेच्या पावत्या

अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘साहेबांना सांगतो’ हा पुरावा नाही. अनामत परत मिळायला हीच पावती लागते, आणि ती ज्याच्या नावे आहे त्यालाच पैसे मिळतात, म्हणून परीक्षा संपताच गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावे फाडू नका.

ध्वनिक्षेपकाबद्दल: निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबलची आहे, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला जातो, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. खरं सांगायचं तर भोंग्याची गरजच नसते. भोंगा लागला की टेबलावरचं बोलणं मरतं.

वीज शेजाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्या मीटरवर किती भार चालेल ते विचारा. मोठी गरज असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या. आकडा टाकून देणारा उत्साही मुलगा प्रत्येक मोहल्ल्यात असतो. त्याला चहा पाजा आणि दुसरं काम द्या.

६. साहित्य

एका प्रश्नाचं साहित्य हजार-दीड हजारांत बसवा. त्याहून जास्त लागत असेल तर प्रश्न बदला. बहुतेक वस्तू गांधीबाग-इतवारीच्या ठोक दुकानांत किंवा घरातच सापडतात. विसरल्या जाणाऱ्या गोष्टी या: पाणी पुसायला फडकी, कचऱ्याच्या दोन बादल्या, खडू, सुतळी, चिकटपट्टी, कात्री, एक्स्टेन्शन बोर्ड, कागद दाबायला वजनं (फेब्रुवारीतला दुपारचा वारा सगळे फलक उडवतो), प्रथमोपचार पेटी आणि पिण्याच्या पाण्याचे माठ.

साहित्य एकदाच वापरून संपणारं असेल तर अपेक्षेच्या दीडपट आणा. फुगे दुप्पट.

तर्री-पोह्याचा ठेला लागणार असेल तर लागू द्या, गर्दी त्याने वाढते. फक्त भिंगं आणि दुर्बिणीपासून लांब ठेवा. तेलाचे हात लागलेलं भिंग दिवसभर कुणाच्या कामाचं राहत नाही.

७. काय करायचं नाही

ही यादी वाटाघाटीची नाही. हायड्रोजनचे फुगे नाहीत. आम्ल नाही. पारा नाही, जुना थर्मामीटर फोडून दाखवणंही नाही. बंद बाटलीत शुष्क बर्फ नाही. लेसर मुलांच्या हातात नाही. तळहातावर कापूर पेटवण्यासारखे आगीचे ‘चमत्कार’ लहान मुलं असलेल्या गर्दीत नाहीत. संत्र्याच्या सालीचं तेल पेट घेतं, म्हणून त्या टेबलाजवळ मेणबत्ती किंवा उदबत्ती नको. तेल डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं, साल तोंडाकडे धरू देऊ नका. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला, रांगणारं पोर ते तोंडात घालतं. काही लोकांना रबराची ॲलर्जी असते, आणि फुग्याच्या आवाजाने घाबरणारी मुलंही असतात. त्यांच्यासाठी बादलीचं टेबल थोडं दूर ठेवा.

दुर्बिणीने सूर्य कधीही नाही. भिंगाच्या पुढे लावायचं खास सौर गाळणं असेल आणि ते रोज हाताळणारा माणूस सोबत उभा असेल तरच. एक्स-रेची फिल्म, काळी काच, दोन गॉगल एकावर एक, हे सगळे उपाय डोळा घालवणारे आहेत.

मुलांचे फोटो काढायचे असतील तर पालकांना विचारा. दारावर ‘इथे छायाचित्रण चालू आहे’ अशी पाटी लावली म्हणजे संमती मिळाली असं होत नाही.

८. लोकांना कळवा

मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटात एक चित्र, दूधवाल्याच्या आणि चक्कीच्या भिंतीवर एक कागद, शाळेच्या फळ्यावर एक ओळ. पुरे. चित्रावर ‘भव्य विज्ञान महोत्सव’ लिहू नका, प्रश्न लिहा: ‘सोललेलं संत्रं बुडतं की तरंगतं? रविवारी सकाळी ९ ला वाचनालयात या.’ पाहुण्यांचे फोटो आणि पदं टाकलीत तर लोक सत्काराचा कार्यक्रम समजून टाळतात.

उद्घाटन टाळता आलं तर टाळा. टाळता येत नसेल, म्हणजे स्थानिक नेत्यांना बोलवावंच लागणार असेल, तर दीपप्रज्वलनाऐवजी त्यांच्या हातात साल द्या आणि फुगा फोडायला सांगा. भाषण आपोआप लहान होतं आणि फोटोही बरा येतो.

९. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळेला पूर्ण प्रयोग एकदा करून बघा. घरी फुटणारा फुगा उन्हात वेगळा वागतो, आणि सावली मोजायच्या वेळेला नेमकी पाण्याच्या टाकीची सावली तुमच्या काठीवर येते हे घरी बसून कळत नाही.

त्या दिवशी ऊन बघून टेबलांची रांग लावा. सकाळी साडेआठ ते साडेअकरा ही वेळ कुटुंबांसाठी चांगली. सावली मोजणार असाल तर एक वाजेपर्यंत ताणावं लागेल, मग माठ आणि कापडी छत हवंच. दारात एक जण असा उभा करा ज्याचं काम फक्त नाव विचारणं आणि ‘आधी इकडे या’ म्हणणं आहे. नोंदवहीत वय आणि मोहल्ला लिहून घ्या, फोन नंबर मागू नका.

मुलं टेबलं व्यापून टाकतात आणि आया मागे पर्स धरून उभ्या राहतात, हे हमखास होतं. स्वयंसेवकांना सांगून ठेवा की दर थोड्या वेळाने एक साल थेट आईच्या हातात द्यायची. तिला विचारलं तर ‘नाही, पोरालाच करू द्या’ म्हणेल, म्हणून विचारायचं नाही.

मापं सगळ्यांना दिसतील अशी फळ्यावर लिहित राहा. सावलीचं माप असेल तर बाकीच्या वस्त्यांची मापं फोनवर घेऊन तीही लिहा. नंदनवनचं ५६ आणि दाभ्याचं ६१ आलं तर दाभ्याच्या काठीवर वाद होणार, आणि तो होऊ द्या. शेवटी कुणीतरी म्हणतंच की चला, ओळंबा लावून बघू.

१०. नंतरची कामं

जागा आधी होती त्याहून स्वच्छ करून परत द्या आणि माळी किंवा चौकीदाराला दाखवा. बिछायत केंद्राच्या खुर्च्या मोजून द्या, रात्री घेऊन जाणारा पोऱ्या मोजत नाही आणि बिलात दोन कमी निघतात. अनामतीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.

मग एक पानाचा अहवाल समन्वय गटाला, जागामालकाला आणि ज्या संस्थेतून शास्त्रज्ञ आले त्यांच्या संचालकांना. त्यात किती माणसं आली, कोणत्या वयाची, काय मोजलं, काय जमलं नाही आणि लोकांनी कोणते प्रश्न विचारले ते लिहा. त्या शेवटच्या भागावर वेळ घालवा. पुढच्या वर्षीचा विषय त्यातूनच निघतो आणि संचालकांच्या टेबलावरही तोच भाग वाचला जातो. हिशोबाचा कागद वाचनालयाच्या फळ्यावर महिनाभर लावून ठेवा. उरलेली भिंगं, काठी आणि मोजपात्रं कुणाच्या घरी न ठेवता वाचनालयाच्या कपाटात, यादीसह ठेवा आणि चावी ग्रंथपालांकडे द्या.